काचेवरचा बाण
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गेल्या हिवाळ्यात माझ्या पुतण्यानं नवी गाडी घेतली. घरात नवी गाडी आली की तिच्यातून पहिल्यांदा कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला जायचं, हा आमच्याकडचा रिवाज. त्याप्रमाणे पुतण्या, सूनबाई, माझी पत्नी आणि मी असे चौघं दुपारी पुण्याहून निघालो. साताऱ्याच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा पुतण्या म्हणाला, ‘‘काका, आता तुम्ही चालवा. काचेवरची गंमत शेजारी बसून दिसत नाही. ती फक्त चालवणाऱ्याला दिसते.’’

मी चालकाच्या जागी बसलो. सीट पुढेमागे केली, आरसे नीट केले आणि समोर पाहिलं, तर बॉनेटच्या पुढे हवेत वेगाचा आकडा तरंगत होता. गाडी हमरस्त्याला लागली. वळण्याची जागा आली की निळे बाण थेट डांबरावर उमटायचे, जणू कुणी आमच्यासाठी रस्त्यावर रांगोळी काढून ठेवली होती. पण मला खरं अप्रूप वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. वेगाचा आकडा वाचायला मला चाळिशी लागली नाही. एरवी डॅशबोर्डवरचे आकडे चष्म्याच्या खालच्या भिंगातून, मान वर करून वाचावे लागतात. इथं मात्र लांबचा रस्ता आणि आकडा एकाच नजरेत स्पष्ट दिसत होते.

तीस वर्षं मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवलं. आरशांच्या आणि भिंगांच्या किरणाकृत्या फळ्यावर किती काढल्या त्याला गणती नाही. त्यामुळे गाडी चालवता चालवता माझं अर्धं मन या बाणामागचं विज्ञान उलगडण्यात गुंतलं. त्या अर्ध्या मनाची गोष्ट मी शेवटी सांगणार आहे. आधी विज्ञान.

ही अक्षरं काचेवर छापलेली नसतात, की काचेच्या आत दिवेही नसतात. तुम्ही घरी एक प्रयोग करून पाहा. रात्री खोलीतले दिवे मालवा, खिडकी बंद करा आणि तिच्या काचेपासून दोन फुटांवर एक निरांजन ठेवा. बाहेर अंधारात, काचेपलीकडे बरोबर दोन फुटांवर दुसरं निरांजन तेवताना दिसेल. तिथं काहीच नसतं. काचेवरून परतलेले किरण आपल्या डोळ्यांत शिरतात आणि ते काचेमागून आले असं आपला मेंदू समजतो. शिवाय त्याच काचेतून बाहेरचं झाडही दिसतं. झाड आणि दिवा एकाच चित्रात. या तंत्राचं मूळ तत्त्व एवढंच.

नाटकवाल्यांनी ते फार पूर्वी ओळखलं होतं. १८६२ च्या नाताळात लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक या संस्थेत जॉन हेन्री पेपर यांनी चार्ल्स डिकन्सच्या एका कथेवरच्या प्रयोगात रंगमंचावर भूत आणलं. मूळ कल्पना हेन्री डर्क्स या अभियंत्याची. रंगमंचापुढे मोठी काच तिरकी उभी करायची आणि समोरच्या खड्ड्यात, प्रेक्षकांना दिसणार नाही अशा जागी एका नटावर झगझगीत प्रकाश टाकायचा. त्याचं प्रतिबिंब काचेत पडे आणि प्रेक्षकांना रंगमंचावर आरपार दिसणारं भूत वावरताना दिसे. आजच्या गाडीत तो खड्डा म्हणजे डॅशबोर्ड, तिरकी काच म्हणजे समोरची काच आणि भूत म्हणजे आपला बाण.

फरक एवढाच, की भूत लांब उभं करायला रंगमंच मोठा लागे, आणि डॅशबोर्डखाली जागा असते जेमतेम. म्हणून आत एक छोटा, अतिशय तेजस्वी पडदा असतो आणि त्यावरचं चित्र एकदोन आरशांवरून फिरवलं जातं. त्यातला एक आरसा अंतर्वक्र असतो, दाढीच्या आरशासारखा. दाढीच्या आरशात चेहरा मोठा दिसतो आणि तो आरशाच्या बराच मागे असल्यासारखा वाटतो. तीच युक्ती इथं वापरून चित्र काचेच्या पलीकडे, साध्या प्रकारात दोनअडीच मीटरवर, म्हणजे बॉनेटच्या टोकाशी नेऊन ठेवतात. मला चाळिशी का लागली नाही, याचं उत्तर हेच. माझ्या डोळ्यांच्या लेखी तो आकडा हाताच्या अंतरावर नव्हता.

काचेचीही एक अडचण असते. तिला दोन पृष्ठभाग, एक आतला आणि एक बाहेरचा. दोन्हींवरून प्रतिबिंब पडतं आणि अक्षरं दुहेरी दिसतात. समोरची काच म्हणजे मुळात दोन काचांमध्ये दाबलेला प्लास्टिकचा पातळ थर. तो थर वरून खाली किंचित निमुळता केला, पाचरीसारखा, की दोन्ही प्रतिबिंबं एकमेकांवर बसतात. म्हणूनच अशा गाडीची काच फुटली तर कुठलीही साधी काच बसवून चालत नाही.

या यंत्रणेला ‘हेड-अप डिस्प्ले’ म्हणतात, म्हणजे मान खाली न घालता दिसणारा फलक. तिचं घराणं लष्करी. १९०० साली डब्लिनचे दुर्बिणी बनवणारे हॉवर्ड ग्रब यांनी बंदुकीसाठी असं नेमसाधन शोधलं, की नेम धरायची खूण काचेत दिसावी, पण जणू अनंत अंतरावर. नेमबाजाला लक्ष्य आणि खूण दोन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसत. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांतून हे साधन सर्रास वापरलं गेलं. पुढे खुणेच्या जोडीला वेग, उंची, दिशा आली. १९५८ मध्ये पहिलं उड्डाण केलेल्या ब्रिटिश ‘बकॅनियर’ विमानासाठी तयार झालेला डिस्प्ले हा या कुळातला सुरुवातीचा. मोटारीत ही गोष्ट १९८८ मध्ये आली, अमेरिकेत जनरल मोटर्सच्या आणि जपानमध्ये निस्सानच्या गाड्यांत. तेव्हा दिसायचा तो मुख्यतः वेगाचा आकडा.

पण नुसता आकडा दिसणं वेगळं आणि बाण रस्त्यावर अंथरलेला दिसणं वेगळं. आकडा हा टीव्हीच्या पडद्यावर खाली सरकणाऱ्या बातमीसारखा असतो. मागे चित्र काहीही असो, त्याचा त्याच्याशी संबंध नसतो. बाणाला मात्र रस्त्याशी इमान राखावं लागतं. ज्या फाट्याला वळायचं, त्याच फाट्यावर तो पडला पाहिजे. खऱ्या दृश्यावर माहितीची अशी जोड देण्याला ‘ऑगमेंटेड रिअॅलिटी’ म्हणतात. मराठीत ‘संवर्धित वास्तव’ असा शब्द वापरतात. मर्सिडीजनं २०२० मध्ये सादर केलेल्या एस-क्लास गाडीत हे चित्र साधारण दहा मीटर पुढे दिसतं. त्याच सुमाराला फोक्सवॅगनच्या तुलनेनं स्वस्त विजेच्या गाड्यांतही ते आलं. आपल्याकडे २०२२ मध्ये मारुतीच्या बलेनोत साधा हेड-अप डिस्प्ले आला, आणि २०२४ च्या नोव्हेंबरात महिंद्रानं सादर केलेल्या दोन विजेच्या गाड्यांत संवर्धित वास्तवाचा. त्या गाड्या बनतात आपल्या चाकणला.

आता पाहा, बाण योग्य जागी पडण्यासाठी गाडीला किती गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. पहिली गोष्ट, आपण कुठं आहोत. ते उपग्रह सांगतात. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिका नागरी वापरासाठीच्या जीपीएसच्या संकेतांत मुद्दाम खोट मिसळत असे आणि जागा शंभर मीटरपर्यंत चुकू शके. ती खोट काढून टाकली गेली म्हणून आज मोबाइल आपल्याला गल्लीपर्यंत नेतो. मोकळ्या आकाशाखाली मोबाइलची चूक साधारण पाच मीटर असते. पण आपल्या महामार्गावरची एक मार्गिका साडेतीन मीटर रुंद. म्हणजे पाच मीटरच्या चुकीत बाण शेजारच्या मार्गिकेत जाऊन पडेल. उड्डाणपुलाच्या तोंडाशी वर जायचं की खालच्या सर्व्हिस रोडनं, हा घोळ आपण सगळ्यांनी अनुभवलेला आहे. बोगद्यात तर उपग्रह दिसतच नाहीत.

म्हणून गाडी उपग्रहाच्या जोडीला आणखी साक्षीदार गोळा करते. चाकं किती फिरली, गाडी किती वळली हे मोजणारी साधनं असतात. समोरचा कॅमेरा रस्त्यावरचे पांढरे पट्टे पाहतो आणि आपण कितव्या मार्गिकेत आहोत ते ठरवतो. अर्थात पट्टे असतील तर, आणि ते पुसट झालेले नसतील तर.

दुसरी गोष्ट, गाडीचं तोंड नेमकं कुठं आहे. दिशेत फक्त एका अंशाची चूक झाली, तर ५० मीटर पुढे बाण जवळजवळ ९० सेंटिमीटर सरकतो. गतिरोधकावरून गाडी गेली की तिचं नाक वर होतं, मग खाली जातं. त्या क्षणी बाण आकाशात उडू नये यासाठी चित्र तितक्याच चपळाईनं उलट हलवावं लागतं. तिसरी गोष्ट वेळ. ताशी ८० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. चित्र काढायला सेकंदाचा दहावा भाग उशीर झाला, तरी ते दोन मीटर मागचं असतं. आणि चौथी गोष्ट म्हणजे चालवणाऱ्याचे डोळे कुठं आहेत. हे चित्र एका लहानशा चौकटीतूनच दिसतं. डोळे त्या चौकटीबाहेर गेले की चित्र गायब. शेजारी बसून मला काहीच दिसलं नव्हतं, ते यामुळेच.

एवढी खटपट कशासाठी, असं कुणी विचारील. त्याचं उत्तर त्या २२ मीटरमध्येच आहे. गाडीच्या पडद्यावरचा किंवा मोबाइलवरचा नकाशा पाहायला आपण दोन सेकंद नजर खाली वळवली, तर तेवढ्यात गाडी ४४ मीटर पुढे गेलेली असते. जवळजवळ चार एसटी एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढी लांबी होईल, तेवढं अंतर आपण न बघता गेलेलो असतो. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा विभागानं २०१३ मध्ये गाडी बनवणाऱ्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही नजर एका वेळी दोन सेकंदांहून जास्त रस्त्यावरून हटू नये, असा दंडक आहे. त्यात माझ्यासारख्या साठी ओलांडलेल्याचे डोळे लांबून जवळ आणि जवळून पुन्हा लांब यायला वेळ घेतात, तो वेगळाच. काचेवरच्या चित्रामुळे हे खालीवर बघणं वाचतं. हा फायदा खरा आहे आणि मी तो अनुभवला आहे.

आता त्या अर्ध्या मनाची गोष्ट.

कऱ्हाड मागे पडलं तेव्हा अंधारलं होतं. वाटेत एका नातेवाइकांकडे मुक्काम होता, म्हणून महामार्ग सोडून सर्व्हिस रोडला लागायचं होतं. काचेवर बाण अगदी वेळेवर आला, अगदी बरोबर जागी. निळा, ठसठशीत, डावीकडे वळलेला. वेग पन्नासच्या आसपास. मी त्या बाणाच्या टोकाकडे बघत गाडी वळवत होतो, आणि मागून माझी पत्नी ओरडली, ‘‘अहो, ट्रॉली!’’

मी ब्रेक दाबला. सर्व्हिस रोडच्या तोंडाशीच ट्रॅक्टर उभा होता. मागे उसानं शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्या. ना मागे दिवा, ना परावर्तक. अंधारात चाकांवर उभं असलेलं उसाचं शेतच ते. मधे दहाबारा फूट अंतर राहिलं असेल. कुणाला काही झालं नाही. पत्नी एवढंच म्हणाली, ‘‘पुढं बघून चालवा ना.’’

मित्रहो, मी पुढंच बघत होतो. मान वर होती, डोळे रस्त्यावर होते. ट्रॉली माझ्या नजरेच्या अगदी रेषेत होती. दोष गाडीचा नव्हता आणि बाण चुकला नव्हता. तरीही जी मागच्या सीटवरून, दोन डोक्यांच्या मधून बघत होती, तिला ट्रॉली दिसली आणि मला दिसली नाही.

घरी आल्यावर मी याबद्दल वाचलं, तेव्हा कळलं की हे नवं नाही. १९८० मध्ये अमेरिकेच्या नासा संस्थेतल्या संशोधकांनी अनुभवी व्यावसायिक वैमानिकांना विमानाच्या सिम्युलेटरमध्ये बसवलं आणि असाच डिस्प्ले वापरून विमान उतरवायला सांगितलं. एका वेळी धावपट्टीवर, न सांगता, दुसरं विमान आडवं उभं असल्याचं दाखवलं. आठांपैकी दोघांना ते दिसलंच नाही. ते निवांत उतरत राहिले. १९९९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या दोन मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग तर पुढे जगभर गाजला. चेंडू किती वेळा एकमेकांकडे टाकला ते मोजायला सांगितलेल्या प्रेक्षकांपैकी जवळपास निम्म्यांना, खेळाडूंच्या मधून चालत गेलेला गोरिल्लाचा वेश घातलेला माणूस दिसला नाही. डोळा बघतो तिथं मन असेलच असं नाही. आपण ‘लक्ष’ म्हणतो ते डोळ्यांहून वेगळं असतं, आणि ते एका वेळी थोड्याच गोष्टींवर पडतं.

याला अभियंत्यांचं उत्तर असं, की बाण रस्त्याला चिकटून असला तर लक्षही रस्त्यावर राहतं. तरंगणाऱ्या आकड्यापेक्षा ते बरंच. शिवाय कॅमेऱ्यानं ओळखलेल्या पुढच्या गाडीभोवती किंवा माणसाभोवती काचेवर खूण करता येते. हे बरोबरच आहे. पण यातच एक मेख आहे. यंत्र जे ओळखतं, त्याचीच खूण करतं. आणि एकदा खुणा बघायची सवय लागली, की ज्याच्यावर खूण नाही ते जणू रस्त्यावर नाहीच, असं मन धरून चालतं.

आपल्या रस्त्यांवर खुणेशिवाय काय काय असतं, ते मी सांगायला नको. उसाच्या ट्रॉल्या असतात, गुरं असतात, आषाढात दिंड्या असतात, दुभाजकाच्या फटीतून पलीकडे जाणारी माणसं असतात. केंद्र सरकारच्याच आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यावरच्या अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. त्यात शंभरातले चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवर होते आणि जवळपास वीस पायी चालणारे होते. यांच्यापुढे ना काच, ना बाण. त्यांचा जीव काचेमागच्या माणसाच्या लक्षावर अवलंबून असतो.

आपल्या मोटार वाहन नियमांत समोरच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, असं सांगितलं आहे. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गाड्यांच्या काचांवरच्या काळ्या फिल्म उतरवायला लावल्या, त्या याच नियमाच्या आधारे. काच अंधारानं झाकायची नाही, हे आपण ठरवलं. मग ती प्रकाशानं किती झाकायची, हेही ठरवायला हवं. आज बाण आहे. उद्या याच काचेवर पेट्रोल पंपाची पाटी, हॉटेलाची जाहिरात, आलेल्या फोनचं नाव दाखवायला तंत्राची आडकाठी काहीच नाही. जागा रिकामी दिसली की ती भरायची, हा आपला स्वभाव. पण ही काच म्हणजे रिकामी भिंत नव्हे. ती चालवणाऱ्याची खिडकी आहे आणि तिच्यातून जो रस्ता दिसतो तो सगळ्यांचा आहे.

तोवर आपण स्वतःपुरतं काय करू शकतो? ज्यांच्या गाडीत ही सोय आहे त्यांनी निघण्यापूर्वी, गाडी उभी असताना, चित्राची उंची आपल्या डोळ्यांना जुळवून घ्यावी. वेग आणि पुढचं वळण एवढंच ठेवून बाकीचं बंद करावं. रात्री चित्राचा उजेड उतरवावा, कारण तेजस्वी बाणामागचा अंधार अधिकच काळा होतो. ध्रुवित काचांचा गॉगल लावला तर चित्र फिकट होतं किंवा नाहीसं होतं. काचेवरून परतलेला आडवा ध्रुवित प्रकाशच तो गॉगल अडवतो. ते यंत्र बिघडल्याचं लक्षण नव्हे. आणि बाण एक सांगतो आणि रस्ता दुसरं, असं झालं तर रस्त्याचं ऐकावं.

दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला निघताना मी पुन्हा चालवायला बसलो. पुतण्याला म्हटलं, ‘‘याचा उजेड कसा कमी करायचा ते दाखव.’’ तो म्हणाला, ‘‘काका, घाबरलात का? बंदच करून टाकू.’’ मी म्हटलं, ‘‘बंद नको, मंद कर.’’ त्यानं तसं केलं. मग मी मागे वळून पत्नीला सांगितलं, ‘‘तूही बघत राहा.’’